मधलं बटन

दाबलं तर खाली गेलं आन वर आलंच न्हाय. मधलं बटन. म्या परत दाबलं, अंगठ्यानं खालनं ढकलायला बघितलं, नखानं उचकटलं, नख तुटलं, बटन जाग्यावरच. पोरगी कडेवर, तिच्या नाकाला शेंबूड, माझ्या हातात मामांचं ट्रंपेट, त्याच्या तोंडातनं राखेचं काळं पाणी माझ्या पायावर गळतंय, आन बाहेर चपलांचा आवाज. मामा म्हंजी माझे सासरे. मला वाटलं आत्याच आल्या, सासूबाई. छातीत असं धडधडायला लागलं की पोरगीबी रडायची थांबली आन माझ्या तोंडाकडं बघाय लागली.

आत्या न्हवत्या, शेजारीण व्हती, चपला वाजवत निघून गेली. मंग म्या काय केलं, तर खोबऱ्याचं तेल ओतलं. आमच्या घरात कायबी अडकलं की खोबऱ्याचं तेल. बांगडी निघंना, तेल. दाराची कडी लागंना, तेल. अर्धी बाटली ओतली. लाटण्यानं हळूहळू ठोकलं. धा-पंधरा डाव दाबलं तवा कुठं ते वर आलं. झोपेतनं उठवल्यावानी आलं, कुरकुरत, पण आलं. मला तेवढंच बास झालं. पदरानं पुसलं आन देवापुढं नेऊन ठिवलं.

त्या दिवशी खंडेनवमी व्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याचं जे हत्यार ते पुजायचं, मंग दसऱ्यापतूर त्याला हात लावायचा न्हाय. शेतकऱ्याचा विळा, कुदळ. मालक, पोरीचे वडील, येरमाळ्याजवळ हायवेला टायरचं पंक्चर काढत्यात, तर त्यांचा पाना आन जॅक. आन मामांचं ट्रंपेट. आत्या झेंडू आणायला जाताना म्हणून गेल्या, "पुजंची समदी पितळ घासून ठेव. चकचकीत पायजे." म्या चिंच भिजवली, चुलीतली राख चाळली. समई घासली, घंटी घासली, तांब्या घासला, आन नजर गेली खुंटीवर. ट्रंपेटबी पितळच की. लई काळं पडलेलं. मला वाटलं मामा खूस व्हतील. टबात बुडवलं. फडक्याची वात करून नळीत घातली. राखेचं पाणी एका तोंडातनं ओतलं, दुसऱ्या तोंडातनं काढलं. असं सोन्यावानी झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. आता सांगताना त्याचीच जास्त लाज वाटती.

मामा ते सवता साफ करायचे. दार लोटून घ्यायचे, एका बारक्या बाटलीत पाण्यावानी पातळ तेल असायचं, त्याचा थेंब थेंब. लग्नाला तीन वर्षं झाली, पण दार का लोटता असं म्या कधी इचारलं न्हाय. आन बटनाच्या आत काय असतंय ते मला काय म्हाईत. नववीत शाळा सुटली माझी, परंड्याला.

मामांबद्दल सांगायला पायजे, न्हायतर तुमाला वाटंल लग्नातला बँडवाला, त्याचं काय एवढं. लग्नात वाजवायचे ते खरं हाय. येरमाळ्यापासनं ढोकीपतूर कुणालाबी इचारा, ट्रंपेटवाले मामा म्हणलं की घर दावत्यात. पण तरुणपणी मामा मुंबईला एका मोठ्या हाटेलात भांडी घासायला व्हते. तिथं रोज संध्याकाळी एक गोव्याकडचा माणूस ट्रंपेट वाजवायचा. लई नावाजलेला. परदेशची माणसं त्याला ऐकायला यायची, त्याचा पेपरात फोटू यायचा. आन वाजवून झालं की तो कोट काढून मागच्या दाराला यायचा, भांडीवाल्यांच्यात बसून कपबशीतला चहा प्यायचा. त्यानं मामांना शिकवलं. सा महिने नुसता तोंडाला लावायचा तुकडा दिला, ट्रंपेटला हात लावू दिला न्हाय. मामा भांडी घासता घासता त्या तुकड्यात फुरफुर करायचे, बाकीचे म्हणायचे माशी शिरली का नाकात. मंग एक दिवस त्यानं सवताचं जुनं ट्रंपेट मामांना दिलं. तेच हे. तेच म्या राखेत बुडवलं.

तो माणूस वाजवायचा त्याला जाझ म्हणत्यात. मामा दुपारी मोबाईलवर तेच लावून बसायचे. मी नवीन लगीन होऊन आले तवा मला वाटलं मोबाईल बिघडला. शेजारीण दारातनं वरडायची, "मामा, घरात एस्टी रिव्हर्स घेता का वो?" मामा म्हणायचे, "व्हय, बसा, परंड्याला सोडतो सुनंच्या माहेरी."

एकदा मीच म्हणलं, "मामा, ह्याच्यात गाणं कुठं हाय? एक जण कायतरी म्हणतो आन दुसरा निराळंच."

मामा म्हणले, "लग्नात तू उखाणा घेतलास, आठवतो का?"

मी मान खाली घातली. कारण लग्नात माझा फजितवाडा झालेला. बहिणीनं पाठ करून दिलेला उखाणा अर्ध्यातच इसरले. समोर समद्या बाया. मंग समोर दिसलं तेच म्हणून टाकलं, ट्रंपेटचं तोंड गोल, त्याच्यामागं ढोल, आन मालकाचं नाव घेऊन म्हणलं आता वाट सोडा, ऊन लई लागतंय. जुळलं न्हाय कायबी. बाया हसून हसून खाली बसल्या.

"तेच जाझ," मामा म्हणले. "शेवटी नाव एकच असतंय, नवऱ्याचं. समद्यांना म्हाईत असतंय. पण त्या नावापतूर कोणत्या वाटंनं जायाचं ते जिचं तिनं ठरवायचं. ती वाट ऐकायला माणसं बसत्यात. आन वाट इसरली तर रडत बसायचं न्हाय, समोर दिसंल ते घेऊन पुढं चालायचं."

"मंग ते पाठ कसं करायचं?"

"वाट पाठ करायची न्हाय पोरी. पाय तयार ठिवायचे." मंग हसले आन म्हणले, "आन एकट्याचं काम न्हाय ते. तुमी बाया नळावर भांडता बघ, एकीचं संपायच्या आत दुसरी सुरू. पण ऐकलेलं असतंय का न्हाय शब्द न् शब्द? न ऐकता उत्तर देता येतंय का? तसं हाय. निम्मं वाजवायचं, निम्मं ऐकायचं."

मला त्यातलं किती कळलं देव जाणे. पण मामा माझ्यासंगं असं बोलायचे, म्हणून मला ते घर माझं वाटायचं. आत्यांच्या लेखी मी म्हंजी धांदरट. लग्नानंतर म्हैनाभरात माझ्या हातनं मालकाच्या मोबाईलची काच फुटली, तवा आत्या म्हणल्या व्हत्या, "हिच्या आईनं हिला हात दिलेत का खुरपी?" ते अजून कानात हाय.

मंग मामांना लकवा मारला. दीड वर्ष झालं. उजवी बाजू. ट्रंपेटची बटनं उजव्या हातानं दाबायची असत्यात. बोलणं लवकर आलं, पाय आला, हात यायला लई वेळ लागला. मामा दिवसभर पोरीच्या दुधाच्या डब्यावर तीन बोटं आपटायचे. एक, दोन, तीन, दोन, एक. पोरीला मांडीवर पालथं टाकून तिच्या पाठीवर तीन बोटं आपटायचे, ती त्याच्याबिगर झोपायचीच न्हाय. हळूहळू बोटं हलायला लागली. पण मधल्या बोटाला जाणीव आली न्हाय. "हलतं," मामा म्हणायचे, "पण माझं हाय असं वाटत न्हाय. दुसऱ्याचं बोट उसनं आणल्यावानी."

त्यांनी मनाशी ठरवलं व्हतं की ह्या दसऱ्याला शिलंगणाला वाजवायचं. समद्या घराला सांगितलं, "जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर समजायचं माझं संपलं. मंग ट्रंपेट बँडवाल्यांना देऊन टाकायचं, घरात ठिवायचं न्हाय. बघवणार न्हाय मला."

हे मला म्हाईत व्हतं. नीट ऐका, हे मला म्हाईत व्हतं.

दसऱ्याला दुपार कलल्यावर समदं गाव शिवंवर आपट्याची पानं लुटायला निघालं. पुढं बँड, मधी मामा. पांढरा सदरा, आत्यांनी गळ्यात झेंडूची माळ घातलेली. ट्रंपेट असं चमकत व्हतं की माणसं म्हणाय लागली, "मामा, नवं घेतलं काय?" मामांनी लांबनं माझ्याकडं बघून हात केला. सुनंनं घासलं म्हणून. मी पोरीला घेऊन बायांच्यात उभी.

देवीचं गाणं धरलं मामांनी. पयली ओळ अशी निघाली की आत्यांनी पदर डोळ्याला लावला. दुसऱ्या ओळीला मधलं बटन खाली गेलं आन वर यायला त्यानं उशीर केला. एवढासा. डोळ्याची पापणी लवती तेवढा. पण सूर चिकटला. एका सुरातनं दुसऱ्या सुरात जाताना मधी कायतरी घसरडं यायला लागलं. मला लगीच कळलं.

मामांनी ट्रंपेटकडं बघितलंच न्हाय. त्यांनी बोटाकडं बघितलं.

हात झटकला. बोट सदऱ्याला पुसलं. परत वाजवलं, परत तेच. बँड थांबल्यावानी झाला. मंग मामांनी डोळे मिटले आन गाणं सोडून दिलं. मधलं बोट उचलून बाजूला धरलं आन जे सूर त्या बोटाबिगर निघत्यात तेवढेच घेऊन वाजवाय लागले. तुटकं, लांब, एक सूर धरून त्यालाच वाकवायचे, मंग गप. ढोकीचे क्लारनेटवाले काका, मामांचे जुने जोडीदार, त्यांनी मान वळवून ऐकलं आन मामा गप झाले तवा उत्तर दिलं. मामांनी परत इचारलं, काकांनी परत सांगितलं. ढोलवाल्यानं हात हळू केला. निम्म्या गावाला कायबी कळलं न्हाय, कुणीतरी म्हणलं "मामा, हे काय रडगाणं दसऱ्याला?" पण बाकीचे चिडीचूप. दोघा-तिघांनी मोबाईल वर धरले. आन शेवटी कुठनं कुठनं फिरून मामा देवीच्या गाण्याच्या शेवटच्या सुरावर येऊन थांबले, तवा मला जाझ म्हंजी काय ते कळलं. कळलं ते असं कळलं.

घरी आल्यावर मामा वसरीत बसले. ट्रंपेट फडक्यात गुंडाळलं.

"बोट गेलं," म्हणले.

मालक म्हणले, "दादा, चांगलं तर झालं की. लोकं टाळ्या वाजवत व्हती."

"लोकाला काय कळतंय. बोट उशीर करतंय रे. एवढासाच. पण एवढाशातच तर समदं असतंय." मंग माझ्या हातात ट्रंपेट दिलं. "पेटीत ठेव पोरी. रविवारी बँडवाल्यांना निरोप धाड, घेऊन जा म्हणावं."

त्या टायमाला सांगायला पायजे व्हतं. एक वाक्य व्हतं. मामा, बोट न्हाय, बटन. माझ्या तोंडात आलं व्हतं. आत्या समोर बसल्या व्हत्या. मला खुरपी आठवली. दारासमोरनं रोज परंड्याची एस्टी जाती, ती आठवली. मी पोरीला उचललं आन आत गेले.

चार दिवस. त्या चार दिवसांचं मला कुणाला सांगवत न्हाय, म्हणून लिहिते. मामांनी उजवा हात वापरायचा सोडून दिला. डाव्या हातानं चमच्यानं भात खायला लागले. डब्यावरचं आपटणं बंद. दुपारचा मोबाईल बंद. दाढी केली न्हाय. आन पोरगी रांगत रांगत त्यांच्याकडं जायची, दोन्ही हात वर करायची उचल म्हणून, तर मामा दोन्ही हात पाठीमागं घ्यायचे. "नको बाळा. पडशील माझ्या हातनं." पोरगी तिथंच बसून रडायची. मी चुलीपुढनं बघायचे. मी उठून तिला घेऊन यायचे. सांगायचे न्हाय.

पाचव्या दिवशी आत्या सोयाबीन काढायला गेल्या, मामा पारावर. म्या पेटी उघडली. मधल्या बटनाचं टोपण फिरवलं आन वर ओढलं. आतनं एक नळी आली, भोकाभोकाची, आन तिला काळा लगदा चिकटलेला. राख आन खोबऱ्याचं तेल. काजळावानी. ती तशीच हातात धरून मी लई रडले. मंग पोरीच्या काजळानं टोपणाला खूण केली, कशी व्हती तशीच परत बसावी म्हणून. पोरीच्या जुन्या दुपट्यानं पुसली, आतली भोकं पुसली, बाकीची दोन बटनंबी काढून पुसली. मामांच्या बारक्या बाटलीतलं तेल लावलं, थेंब थेंब, मामा करत्यात तसं. दाबलं. टिचकी मारल्यावानी वर आलं.

दिवस मावळायच्या आत समदे घरी आले. पोरगी किरकिर करत व्हती. मी म्हणलं, "मामा, ही झोपंना. जरा वाजवा की."

"मोबाईल लाव."

"मोबाईलनं न्हाय झोपत."

मालक म्हणले, "कशाला बळजबरी करतीस त्यांना?"

माझ्यात कुठनं धाडस आलं न्हाय म्हाईत. खरं सांगायचं तर धाडस न्हवतंच ते. ट्रंपेट आणलं आन मामांच्या मांडीवर ठिवलं. "एकच डाव, मामा."

मामांनी कितीतरी वेळ हातात धरलं नुसतं. मंग ओठाला लावलं. पयलं बटन. तिसरं. मधलं भीत भीत. सूर सुटला, मोकळा. परत दाबलं. परत सुटला. मामा बोटाकडं बघत राहिले, आन वाजवता वाजवता त्यांच्या डोळ्यांतनं पाणी, ते ट्रंपेटवर.

"बोट आलं," म्हणले. "अगं, बोट आलं माझं! ह्या पोरीनं आणलं. म्या सोडून दिलतं, हिनं हट्ट धरला."

आत्या उठल्या, मुठीत मीठ घेतलं आन माझ्यावरनं सात डाव उतरवलं. माझ्यावरनं. "गुणाची हाय गं माझी सून," म्हणल्या. तीन वर्षांत पयल्यांदा. मी मान खाली घालून उभी राहिले. मीठ फिरत व्हतं आन मला वाटत व्हतं ते चुलीत टाकल्यावर तडतडंल आन समद्यांना कळंल. तडतडलं. आत्या म्हणल्या, "बघ किती नजर लागली व्हती."

मी मनाला समजावलं की झालं, मिटलं, आता कशाला उकरायचं. पण मिटलं न्हाय. मामा वाजवत्यात, पण घरातच. रोज सकाळी उठल्या उठल्या मधलं बोट धा डाव हलवून बघत्यात. बँडवाले दोनदा बोलवायला आले, मामा न्हाय म्हणले. "हे बोट फसवतंय. एकदा फसवलंय त्यानं."

आन परवा फोन आला. मुंबईवरनं. शिलंगणाच्या दिवशी कुणी मोबाईलवर घेतलं व्हतं ते फिरत फिरत तिकडं पोचलं. मामांचे जे गुरू, ते गोव्याकडचे, त्यांच्या आठवणीत कार्यक्रम करायचाय, त्यांचे जुने शिष्य सापडतील तेवढे बोलवायचेत, आन तुमी ते मधलं बोट बाजूला धरून वाजवलं तसंच वाजवा, असं तो माणूस म्हणत व्हता. मोबाईल स्पीकरवर व्हता. मी दारात व्हते.

मामा म्हणले, "साहेब, ते म्या मुद्दाम न्हवतं केलं. माझं बोट अडकलं व्हतं."

"मग तर अजूनच कमाल आहे."

"तुमाला कमाल वाटती. मला भ्या वाटतंय. एवढ्या जाणत्या माणसांत, त्यांच्या नावाच्या कार्यक्रमात परत अडकलं तर? त्यांनी सवताचं ट्रंपेट दिलंय मला. त्यांचं नाव घालवू का? न्हाय जमणार."

तो माणूस म्हणला, "दोन दिवस विचार करा. मी परत फोन करतो."

मोबाईल ठिवल्यावर मामांनी माझ्याकडं बघितलं. म्हणले, "जायला पायजे व्हतं गं. लई इच्छा व्हती." असं म्हणले, लहान पोरावानी. मी दाराला धरून उभी राहिले.

दोन दिवस म्हंजी आज. आज तो फोन यायचा हाय. मामा वसरीत बसलेत, पोरगी त्यांच्या मांडीवर पालथी पडलीय, पाठीवर तीन बोटं चाललीत. सांगितलं तर मामांना कळंल की बोट कधी गेलंच न्हवतं, आन ते जातील मुंबईला. मला एवढं तर कळतंय. राखेचं ते माफ करतील, हसतीलबी. पण ते चार दिवस? पोरगी हात वर करायची आन ते हात पाठीमागं घ्यायचे आन मी चुलीपुढनं बघायचे, ते?

तुमी सांगा. तुमी कुणाच्या सुना असाल, कुणाच्या आया असाल. तुमी काय केलं असतं? ह्या उंबऱ्याच्या पलीकडं गेला असता का? आन जाऊन पयलं वाक्य कोणतं म्हणला असता?